माडाखालचा सलाम

जोव्हर्टच्या आईनं ते प्रशस्तिपत्र काचेत घालून आणलं आणि नेमकं जेवणाच्या टेबलासमोर लावलं, येशूच्या तसबिरीच्या शेजारी. 'दोन तास अखंड संयम राखून एका नागरिकाचे प्राण वाचवल्याबद्दल' असं त्यावर ठसठशीत छापलेलं होतं आणि खाली पोलीस ठाण्याच्या चीफची लफ्फेदार सही होती. सुट्टीला घरी आला की जोव्हर्ट त्या कागदाकडे पाठ करून जेवायचा. तिकडे पोराला मायेनं 'तोतो' म्हणतात. आई म्हणायची, "तोतो, या बाजूला बस की, इकडे वारा येतो." तो म्हणायचा, "इथेच बरंय." बरं वगैरे काही नव्हतं. तो कागद डोळ्यांसमोर असला की घास खाली उतरत नसे, एवढंच.

आता त्याला त्या कागदाची इतकी लाज का वाटावी हे कळायला इलोइलो शहराजवळच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रापासून सुरुवात करायला हवी. तिथे पहिले दोन महिने माणसाला एकच गोष्ट शिकवतात, ती म्हणजे वरिष्ठ दिसला की ताठ व्हायचं. ज्याला तो पहिल्यांदा दिसेल त्यानं बेंबीच्या देठापासून 'सावधान' ओरडायचं आणि मग सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून, टाचा आपटून, सलाम ठोकून एका सुरात 'शुभ सकाळ, सर' म्हणायचं. तोंडात घास असो नाहीतर डोक्याला साबण असो, त्यात सूट नाही. दुसऱ्याच आठवड्यात जोव्हर्ट नुफाबले, वय तेवीस, मियागावचा, बुटाची नाडी बांधायला वाकला होता आणि तेवढ्यात कमांडंट मागून निघून गेले. त्याला काही ते दिसले नाहीत. त्यापायी सगळ्या तुकडीनं भर उन्हात शंभर शंभर जोर काढले आणि जोव्हर्टला शेजारी उभं करून ते मोठ्यानं मोजायला लावले. एकेचाळीस पोरं घामानं निथळत, खालून त्याच्याकडे बघत होती. पुढे पंधरा दिवस त्याचं नाव 'आंधळा' होतं.

त्यानंतर मात्र जोव्हर्टला पाठीमागचे वरिष्ठसुद्धा दिसायला लागले. बुटांची चाहूल लागली, गाडीचं दार वाजलं, नुसती कोपऱ्यातली कुजबुज थांबली तरी त्याच्या टाचा आपसूक जुळायच्या. सगळ्यात आधी 'सावधान' ओरडणारा म्हणून त्याचा बोलबाला झाला. त्याचा त्याला अभिमान होता, हेही सांगितलं पाहिजे.

चौथ्या महिन्यात मॅम सलोमेंचा वर्ग सुरू झाला. बुटक्या, गोल, वीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या सार्जंट. विषय असा की जिवाचं बरंवाईट करायला निघालेल्या माणसाशी बोलायचं कसं.

"कोणी सुरा घेऊन बसलाय आणि तुम्ही त्याला म्हणालात, 'शांत हो.' होईल?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅम!" अख्खा वर्ग गरजला.

"मग बोंबलताय कशाला मेल्यांनो? मी हळू बोलायला शिकवतेय."

मॅम सलोमेंची शिकवण थोडक्यात होती. एका वेळी एकच तोंड चालू, बाकीचे गप्प. माणसाला नावानं हाक मारायची. घाई करायची नाही. आणि जे पाळता येणार नाही ते कबूल करायचं नाही, कारण अशा माणसाकडे त्या घडीला तुमच्या शब्दाखेरीज दुसरं काहीही नसतं.

मग त्या टेबलावर चढल्या, रबरी सुरी गळ्याला लावली आणि नवऱ्यानं टाकलेली बाई झाल्या. पोरं फिदीफिदी हसली. जोव्हर्ट मात्र हसला नाही. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्यानं विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का?" हळूहळू मॅमच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. सुरी गळ्यापासून सुटली, खाली आली, आता त्याच्या हातात पडणार, तोच दारावरून कमांडंट गेले. "सावधान!" कोण ओरडला असेल? आपला जोव्हर्टच. वर्ग ताडकन उठला. मॅमही टेबलावरून टुणकन उतरल्या आणि रबरी सुरीसकट त्यांनी सलाम ठोकला. कमांडंट पोट धरून हसले, सगळे हसले. "चालू द्या," म्हणून ते गेले आणि मॅम पुन्हा टेबलावर चढल्या. "कुठे होतो आपण?" जोव्हर्टनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सुरी मिळवली आणि शंभरापैकी अठ्ठ्याण्णव गुण घेतले. त्या मध्येच आलेल्या सलामाबद्दल कोणीच काही बोललं नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही.

पुढे त्याला समुद्रकाठच्या एका लहान गावच्या ठाण्यात उमेदवारीला पाठवलं. तिथल्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, एक बाई अनवाणी धावत ठाण्यात आली. इस्तिंग तिचं नाव; तिकडे मोठ्या बाईला 'नांग' म्हणतात आणि मोठ्या पुरुषाला 'नोंग', म्हणून सगळ्यांची नांग इस्तिंग. "माझा नवरा माडावर चढलाय," ती म्हणाली.

कॉर्पोरल ऑस्कार पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "नांग, तुझा नवरा माडी काढतो. तो रोज दोनदा माडावर चढतो."

"माडीचं नळकांडं खाली ठेवून गेलाय," ती म्हणाली. "आणि कोयती वरून टाकून दिली."

ऑस्कारनं पेपर ठेवला.

तिचा नवरा नोंग पासिंग अठ्ठावन्न वर्षांचा. चाळीस माड त्याच्या हाताखाली होते आणि गावातली, सालीनं रंगवलेली लाल माडी बहुतेक त्याच्याच हातची. त्याची एकुलती पोरगी रिझेल मागल्या वर्षी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. आज वर्ष झालं होतं. दुखवटा सोडायचा दिवस. सकाळी प्रार्थना झाली, काळे कपडे उतरले, अंगणात डुक्कर भाजायला लावलं आणि कोणीतरी गाण्याचं यंत्र आणून माईकवर घसा साफ करायला लागलं. मेहुणीनं नोंग पासिंगला कोरा पिवळा शर्ट दिला. "घाला, नोंग. वर्ष झालं. आता पुरे." त्यानं मुकाट्यानं शर्ट घातला आणि घरामागच्या सगळ्यात उंच माडावर तो चढून गेला. पहिला अर्धा तास कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"बोल तू," माडाखाली पोचल्यावर ऑस्कार म्हणाला. "अठ्ठ्याण्णव मार्कवाला ना तू? लोकांना मी बघतो." त्यानं गाणं बंद केलं आणि पाहुण्यांना कुंपणापलीकडे हाकललं.

जोव्हर्टनं टोपी काढली आणि शेजारच्या माडाला पाठ टेकली. वर झावळ्यांत तेवढा पिवळा शर्ट दिसत होता.

"नोंग पासिंग, मी जोव्हर्ट नुफाबले. मियागावचा."

मग वरून आवाज आला, "मियागावचे लोक माडीत पाणी घालतात."

"आमच्यात बापच सगळी प्यायचा, नोंग. पाणी घालायला उरायचीच नाही."

वर कोणीतरी खोकल्यासारखं झालं. कदाचित हसू असेल.

पुढचे दोन तास जोव्हर्टनं जे केलं ते चोख केलं. ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. खाली या, असं तो एकदाही म्हणाला नाही. 'पोरीचा विचार करा' वगैरे पोकळ बाता त्यानं मारल्या नाहीत. त्यानं माडाबद्दल विचारलं, माडी गाळायला फुलोऱ्याची पोय कशी कापतात ते विचारलं, आणि हळूहळू नोंग पासिंग आपण होऊन रिझेलवर आला. ती पाच वर्षांची असल्यापासून रोज सकाळी याच माडाखाली उभी राहायची. बाप उतरायला लागला की खोडातल्या खाचा बघून खालून ओरडायची, "ताताय, डावा! ताताय, आता उजवा!"

"मला काय गरज होती?" नोंग पासिंग वरून म्हणाला. "चाळीस वर्षं उतरतोय मी. पण तिला वाटायचं, आपण सांगितलं नाही तर बाबा पडतील. मीही मुद्दाम पाय हवेत धरून विचारायचो, आता कुठला गं? तर खुशाल शिव्या द्यायची मला. लग्न झालं तरी माहेरी आली की उभी राहायचीच." मग आवाज फुटला. "वर्षभर खाली बघतोय, तोतो. खाली कोणी नसतं."

मॅमनी काय शिकवलं, किती गुण मिळाले, काही जोव्हर्टच्या डोक्यात राहिलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मी आहे, नोंग. पाय मी सांगतो. तुम्ही जमिनीला टेकेपर्यंत माझी नजर तुमच्यावरून हलणार नाही. शब्द देतो."

खूप वेळानं झावळ्या हलल्या आणि एक अनवाणी पाय खाली आला.

"डावा, नोंग. अजून वीतभर खाली. हां. आता उजवा."

दोन तास आखडून बसल्यानं नोंग पासिंगच्या पायांत मुंग्या आलेल्या, रडून डोळे सुजलेले. या खेपेला तो काही मुद्दाम विचारत नव्हता. प्रत्येक खाचेपाशी पाय चाचपडायचा आणि खालून आवाज आला की टेकायचा. कुंपणापलीकडे नांग इस्तिंग तोंडावर पदर धरावा तसा हातातला काळा कपडा धरून उभी होती. निम्मा माड उतरला. मग निम्म्याहून जास्त. घराच्या छपराइतकी उंची उरली.

तेव्हा जोव्हर्टच्या मागे जीपचं दार वाजलं.

त्यानं काही ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. टाचा जुळल्या, अंग गर्रकन फिरलं, हात कपाळाला गेला आणि दोन तास हळू बोललेल्या त्या गळ्यातून आरोळी निघाली, "सावधान! शुभ सकाळ, सर!" पावणेबारा वाजले होते. समोर चीफ मेजर गुंबान जीपमधून उतरत होते. त्यांनीही सवयीनं हात कपाळाकडे नेला.

पाठीमागून, वरून, शांतपणे विचारलेलं जोव्हर्टला स्पष्ट ऐकू आलं.

"तोतो, आता कुठला?"

हात अजून कपाळालाच होता, कारण वरिष्ठानं हात खाली घेतल्याशिवाय आपण घ्यायचा नसतो. मग धप्प असा आवाज झाला आणि नांग इस्तिंग किंचाळली.

चीफ माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतः नोंग पासिंगला उचलून जीपमध्ये घातलं आणि हॉर्न दाबून धरत इस्पितळ गाठलं. जीव वाचला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलं. अहवाल जोव्हर्टनंच लिहिला. 'उतरताना पाय घसरला.' खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. ऑस्कार म्हणाला, "माडावरून माणसं पडतात, रोज कुठेतरी कोणीतरी पडतं. तू मनाला लावून घेऊ नकोस." चीफ म्हणाले, "दोन तास तू त्याला धरून ठेवलंस, नुफाबले. तो वरून पडला असता तर मेलाच असता." सोमवारी झेंड्यासमोर त्याला प्रशस्तिपत्र दिलं. टाळ्या पडल्या. त्यानं सलाम ठोकला.

सगळ्यात वाईट होतं ते नोंग पासिंगच्या घरचं. नांग इस्तिंगनं ठाण्यात वाफवलेल्या भाताच्या गोड वड्या आणून दिल्या, केळीच्या पानात बांधून. "तोतो, तुझ्यामुळे कुंकू राहिलं बघ," अशा अर्थाचं काहीतरी म्हणत तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. त्या वड्या त्यानं मागच्या दारी कुत्र्याला घातल्या. मग आपण बाईचं अन्न कुत्र्याला घातलं याचीही लाज वाटली, आणि शेवटची तेवढी स्वतः खाल्ली.

शेवटी न राहवून त्यानं मॅम सलोमेंना फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मीही सलाम ठोकला होता ना रे," त्या म्हणाल्या. "रबरी सुरी हातात धरून. आणि हसले होते."

"हो, मॅम."

"अठ्ठ्याण्णव गुण दिले मी तुला. माझ्याकडे कशाला सांगतोस हे? ज्याला शब्द दिला होतास त्याच्याकडे जा."

जायला त्याला आणखी तीन आठवडे लागले. धीर होत नव्हता, दुसरं कारण नाही.

रविवारी सकाळी तो गेला तेव्हा नांग इस्तिंग अंगणात धुणं बडवत होती. "ये, तोतो, ये! बरं झालं आलास. यांना बाहेर बाकावर बसायचंय, मला एकटीला उचलवत नाही." नोंग पासिंग आत बांबूच्या बाजेवर पडला होता. चाळीस माडांचा माणूस, पण दंड तेवढे अजून दणकट होते. पायांवर चादर होती.

जोव्हर्ट बाजेशेजारी बसला. "नोंग, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे मला," नोंग पासिंग म्हणाला. "मी वर होतो. वरून सगळं दिसतं."

"मग तुम्ही सगळ्यांना पाय घसरला म्हणून का सांगता?"

"घसरलाच की." त्यानं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "हे बघ, माफ बिफ काही केलेलं नाही मी तुला. पडल्या पडल्या तुला ज्या शिव्या घातल्या त्या तुझ्या आईनं ऐकू नयेत. पण इस्तिंगला कळलं तर ती तुला उंबरा ओलांडू देणार नाही. मग मला बाकावर कोण नेईल? तो ऑस्कार? त्याला स्वतःचं पोट उचलवत नाही. चल, उचल आता."

जोव्हर्टनं त्याला उचललं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. ते गुडघे त्याच्या हातावर ओल्या कपड्यासारखे लोंबले आणि त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. घर खांबांवर उभं होतं, खाली उतरायला बांबूच्या पाच पायऱ्या. हातात माणूस असल्यानं त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. तो दारातच थबकला.

"डावा," नोंग पासिंग त्याच्या छातीशी म्हणाला. "अजून खाली. हां. आता उजवा."

दुसऱ्या पायरीवर होता तेव्हा फाटकाशी जीपचं दार वाजलं. चीफ गुंबान आले होते, हातात तांदळाची पिशवी आणि मागे फोटो काढायला एक शिपाई.

"अरे, नुफाबले!"

टाचा आपोआप जवळ यायला निघाल्या. त्याला ते कळलं, पोटरीत कळ आल्यासारखं कळलं. मानेची शीर तटतटली. त्यानं दात आवळले आणि चीफकडे पाहिलं नाही.

"उजवा झाला," नोंग पासिंग म्हणाला. "आता डावा."

"नुफाबले! कान फुटले का?"

तिसरी पायरी. चौथी. पाचवी. बाकापर्यंत सात पावलं. त्यानं नोंग पासिंगला बाकावर टेकवलं, पाय सरळ केले, चादर नीट घातली. मग तो वळला आणि त्यानं सलाम ठोकला.

"माफ करा, सर. हातात माणूस होता."

चीफ एकदम हसले. "बरं बरं. ते दिसतंय मला."

एवढं साधं होतं ते. तीन शब्द. त्या दिवशीही म्हणता आले असते, नाहीतर काहीच न म्हणता नुसतं वर बघत राहता आलं असतं. फार तर शंभर जोर पडले असते. जोव्हर्टचा चेहरा कानापर्यंत पेटला. हात अजून कपाळालाच होता.

"त्या दिवशीही होता, सर," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "पाय सांगतो, नजर हलवणार नाही, असा शब्द दिला होता मी. तुम्ही आलात आणि मी पाठ फिरवली. तुम्हाला सलाम करायला. आता कुठला, म्हणून ते वरून विचारत होते. मी ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. म्हणून पडले ते."

चीफनी तांदळाची पिशवी हळूच खाली ठेवली. फोटोवाल्यानं फोन खिशात घातला. धुण्याचा आवाज थांबला होता.

"झालं," नोंग पासिंग डोळे मिटून पुटपुटला. "आता मला आत कोण नेणार?"

नांग इस्तिंग उठली. हात पुसत बाकापर्यंत आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं डोळे उघडले नाहीत, तेव्हा तिला कळायचं ते कळलं. मग तिनं जोव्हर्टकडे पाहिलं. तो मार खायला तयार होता. मारलं असतं तर बरंच वाटलं असतं. ती घरात गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

चीफ थोडा वेळ घुटमळले. "उद्या ठाण्यात बोलू," म्हणाले आणि निघून गेले. जोव्हर्ट बाकाशेजारी उभाच राहिला. सावली सरकत सरकत माडाच्या बुंध्याकडे गेली आणि बाकावर ऊन आलं. नोंग पासिंगच्या कपाळावर घाम साचला, तो जोव्हर्टनं रुमालानं टिपला.

मग दार उघडलं. नांग इस्तिंग दारात उभी होती, एका हातानं दार धरून. तिची नजर जोव्हर्टच्या डोक्यावरून पलीकडे, त्या माडाकडे होती.

"उचल त्यांना," ती म्हणाली. "ऊन लागतंय."

तोतो म्हणाली नाही.